आकडा स्थिर आहे

रविवारी बुद्धविहारात जायला निघताना भीमरावांनी सवयीप्रमाणे घराचा मेन स्विच ओढला आणि कल्याणीची तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. बाहेर पडताना वीज बंद, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. कल्याणीच्या संगणकावर घन बॅटरीचं गणित चालू होतं. लिथियमचे कण घट्ट पदार्थातून वाट कशी काढतात, ते मोजायचं होतं. यूपीएसने दहा मिनिटं दम धरला आणि मान टाकली. बॅटरीवर पीएचडी करणाऱ्या मुलीच्या घरात हे व्हावं!

शुक्रवारी समितीसमोर आलेख दाखवायचा होता, नाहीतर फेलोशिप बंद. सोमवारी कल्याणीने गणित पुन्हा लावलं आणि ती तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी बंगळूरला निघाली.

"पप्पा, तुम्ही कशालाही हात लावू नका. फक्त लक्ष ठेवा."

"लक्ष म्हणजे नोंद ठेवायची ना?" भीमरावांनी विचारलं. ते मनातून फार खजील झाले होते.

"ठेवा," रिक्षात बसता बसता ती म्हणाली.

भीमराव पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले. लोड पडू नये म्हणून त्यांनी आधी मिक्सर बंद केला, मग पंखे, मग फ्रिज.

"अहो, दूध नासलं!" चंद्रभागाबाई ओरडल्या.

"पोरीची फेलोशिप नासण्यापेक्षा बरं."

शेवटी मोबाइलचे चार्जरही निघाले. तिकडे कल्याणीला दोघांचेही फोन बंद लागत होते.

गुरुवारी संध्याकाळी ती धावतपळत विश्रांतवाडीच्या घरी पोचली. घरात मेणबत्ती, पडद्यासमोर भीमराव, मांडीवर वही. वेळ, आकडा, शेरा, सही. तिने पडद्यावरचा आकडा पाहिला, मग वही चाळली. सोमवारी संध्याकाळी सातपासून प्रत्येक तासाला तोच आकडा होता, ११४०२. शेरा : स्थिर.

"पप्पा, हे सोमवारीच बंद पडलंय! गणित पुढे गेलं की आकडा वाढतो. तो हलत नव्हता, तर शेजारून फोन नाही का करायचा?"

"हलत नव्हता म्हणूनच निश्चिंत होतो," भीमराव गोंधळून म्हणाले. "आमच्या कारखान्यात मीटरचा काटा हलला की पळायचो आम्ही."

कल्याणीने रागारागाने संगणक तपासला. डिस्क भरली होती. जुन्या फायली काढायच्या ती स्वतःच विसरली होती. आणि या माणसाने तीन दिवस पाठ टेकली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी तिने समितीला सगळं खरं सांगितलं आणि आलेखाच्या जागी वही ठेवली. समितीप्रमुख श्रीनिवास सरांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"एकही तास सुटलेला नाही," ते म्हणाले. "तुमच्या अहवालात तर तारखासुद्धा नाहीत. पंधरा दिवस देतो. पण लक्ष वडीलच ठेवणार असतील तर."

घरी येऊन तिने डिस्क रिकामी केली, गणित लावलं. भीमराव नव्या पानावर पट्टीने रकाने आखत होते.

"म्हणजे आता आकडा थांबला की पळायचं. बरोबर?"

"बरोबर, पप्पा."

चंद्रभागाबाईंनी तेवढ्यात हळूच फ्रिज चालू करून घेतला.