चाक आपोआप फिरलं तेव्हा

जेवताना मी लेकीला छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘‘विमान म्हणजे विमान. अठरा वर्षं उडवतोय, तू मला काय शिकवतेस!’’ ती नव्या विमानांवर तीन वर्षं सहवैमानिक आहे. माझी जुनी विमानं भंगारात निघालेली. नव्याची परीक्षा पास झालो तर कॅप्टन, नाहीतर घरी बसायचं.

फरक तो केवढासा! जुन्या विमानाचं नाक हवं तिथं टिकावं म्हणून अंगठ्याखालचं बटण सारखं दाबावं लागे. मग गुडघ्याशेजारचं ताटाएवढं चाक खडखडत फिरे. आपण न सांगता ते फिरू लागलं तर मात्र झडप घालून धरायचं, नाहीतर खेळ खलास. नव्यात हे सगळं कॉम्प्युटर बघतो. ‘‘बाबा, तुम्ही फक्त चाकाला हात लावू नका,’’ असं लेक आठवडाभर बजावत होती. मी मान डोलवत होतो.

परीक्षा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात होती. परीक्षक मागे बसले आणि शेजारी सहवैमानिक म्हणून नेमकी लेकच आली. पहिली फेरी ती उडवणार, मी लक्ष ठेवणार. तिनं नाक वर घेतलं आणि माझ्या गुडघ्याशी चाक फिरू लागलं. आवाज नाही, कोणाचा हात नाही, आणि चाक फिरतंय! उजव्या हातानं मी ते गच्च धरलं. डावा अंगठा सवयीनं स्टिकवरचं, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावरचं, बटण शोधत गेला. सापडलं. लाल होतं, पण घाबरलेल्या माणसाला रंग कुठले दिसायला? मी ते दाबूनच धरलं.

‘‘बाबा,’’ लेक शांतपणे म्हणाली, ‘‘माझी स्टिक बंद झालीय. ते बटण विमान आपल्या ताब्यात घ्यायचं आहे.’’

‘‘आणि हे चाक?’’

‘‘ते त्याचं काम करत होतं.’’

म्हणजे तिला उडवता येत नव्हतं आणि मी उडवत नव्हतो. दोन दोन वैमानिक असून विमानाला वाली नव्हता. परीक्षकांनी सगळं थांबवलं. पोटच्या पोरीसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता एकच संधी, आणि या वेळी उडवायचं मी. लेकीनं प्रथमोपचाराच्या पेटीतून चिकटपट्टी काढली आणि माझा डावा अंगठा शेजारच्या बोटाला बांधून टाकला. पुढचा तासभर मी चार बोटांनी विमान उडवलं. चाक बाजूला खुशाल फिरत होतं, मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. उतरलोही अगदी अलगद.

परीक्षकांनी अहवालात लिहिलं, ‘कॅप्टन उत्तीर्ण. अंगठा नापास, तीन महिन्यांनी पुन्हा बसावे.’ खाली साक्षीदार म्हणून सहवैमानिकाची सही हवी होती.

लेकीनं ती क्षणाचाही विचार न करता केली.