रुक्मिणीबाईंचा स्पीड ब्रेकर

पत्नी रुक्मिणीबाई गेल्याचं कळलं तेव्हा रंगराव गाडीखाली उताणे पडलेले होते. रहाटणीतल्या त्यांच्या गल्लीत, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ही लाल गाडी विटांवर उभी असे. सकाळचा चहा झाला की ते तिच्याखाली शिरत. घरमालकीण छबूबाई धापा टाकत आल्या आणि बाहेर आलेल्या दोन पायांना म्हणाल्या, "आवं रंगराव, रुक्मिणीबाई गेल्या वो!"

"कुठं?" गाडीखालून आवाज आला.

यात त्यांची चूक नव्हती. रुक्मिणीबाई नेहमी कुठंतरी गेलेल्याच असत. गल्लीतून पाण्याचे टँकर सुसाट जात, म्हणून तिथं स्पीड ब्रेकर व्हावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यापायी महापालिकेतले शिपाईसुद्धा त्यांना "या मावशी" म्हणू लागले होते. त्या दिवशीही त्या तिकडेच निघाल्या होत्या. रिक्षात छातीत कळ आली. रिक्षावाल्यानं दवाखाना गाठला, पण उपयोग झाला नाही.

रंगराव बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि तो नंतर दिवसभर त्यांच्या हातातच राहिला.

रंगराव मूळचे भूमकडचे. सगळी नोकरी चाकणच्या एका इंजिनाच्या कारखान्यात झाली. लाईनवर इंजिन समोर आलं की त्याचे चार बोल्ट आवळायचे आणि पुढं सोडायचं. अशी लाखो इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली आणि ते रोज कंपनीच्या बसनं घरी आले. सासूबाई, म्हणजे आक्काबाई, गावभर सांगत, "आमचे जावई मोटारी बनवतेत." मग जावई एसटी स्टँडवरून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत येत आणि गाव बघत राही. म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी, इंजिन निकामी झालेली गाडी घेतली. "हिच्यात पूर्ण इंजिन मी स्वतः बांधणार, अन् तुला माहेरी नेणार."

"न्या," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पण हळू चालवा."

त्या गेल्या तेव्हाही गाडी विटांवरच होती.

तेराव्याला भावी नगरसेवक जयसिंगराव आले. भावी हे पद त्यांच्याकडे दोन निवडणुकांपासून होतं. "काकूंची इच्छा अपुरी राहू देणार नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. आणि खरोखरच आठवड्याच्या आत गल्लीच्या तोंडाशी स्पीड ब्रेकर झाला. मोठ्या रस्त्याचं उरलेलं डांबर तिथं ओतलं होतं, त्यामुळे तो शेताच्या बांधाएवढा झाला. वर फ्लेक्स लागला: 'कै. रुक्मिणीबाई यांच्या स्मरणार्थ गतिरोधक'. त्यावर जयसिंगरावांचा फोटो दारापेक्षा मोठा, आणि रुक्मिणीबाईंचा टिकलीपेक्षा थोडा मोठा.

रंगराव घरात बसून राहू लागले. तेव्हा लाईनवरचे जुने जोडीदार भिवा आणि साहेबराव आले. भिवा म्हणाला, "भावा, घरात बसून काय करनार? चल, इंजिन उघडू."

उघडलं. पण आता साधं इंजिन कुणालाच नको होतं. साहेबरावांच्या मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी गॅरेजचे व्हिडिओ होते. "स्ट्रीट परफॉर्मन्स म्हणतात याला, राव. टर्बो लावायचा, कॅमशाफ्ट बदलायचा. एकशे ऐंशीला जाईल."

"कुठं जाईल?" भिवा म्हणाला. "चाकण चौकात? तिथं मी अजून दुसरा गिअर पाहिला न्हाई."

"स्पीड जवळ असावा. वापरायचाच असतो असं नाही."

हे सगळ्यांना पटलं. भोसरीच्या भंगारातून टर्बो आला. अडचण एवढीच होती की कारखान्यात प्रत्येकानं आयुष्यभर आपलं एकच स्टेशन, म्हणजे लाईनवरची ठरलेली जागा, सांभाळलं होतं. भिवाला पिस्टन कळत, पण पिस्टनच्या वर काय असतं ते त्याला कधी बघावं लागलं नव्हतं. रंगरावांना चार बोल्ट. साहेबराव तर लाईनच्या शेवटी 'ओके' चा स्टिकर लावत. काही विचारलं की उत्तर ठरलेलं होतं, "ते माझ्या स्टेशनला येत नाही." जे कुणाच्याच स्टेशनला येत नव्हतं, ते व्हिडिओ बघून केलं. व्हिडिओतल्या गाड्या जमिनीला टेकलेल्या असत, म्हणून हिच्याही स्प्रिंगा कापल्या.

"लई खाली बसली का रे?" रंगरावांनी विचारलं.

"उंची माझ्या स्टेशनला येत न्हाई," भिवा म्हणाला.

साहेबरावांनी काचेवर 'ओके' चा स्टिकर लावला.

वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काबाईंकडे निघायचं ठरलं. म्हातारीला आता नीट दिसत नव्हतं, पण फोनवर ती रोज विचारी, "मोटारीनंच येताय नव्हं?" रंगरावांनी रुक्मिणीबाईंचा फोटो पुढच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि मागं आंब्याच्या पेट्या टाकल्या. भिवा आणि साहेबराव मागं बसले. निवडणूक तोंडावर असल्यामुळे जयसिंगराव नारळ घेऊन हजर होते.

चावी फिरवली. असा आवाज झाला की छबूबाईंच्या फडताळातली भांडी बोलायला लागली. गाडी शेडमधून झेपावली, सात-आठ घरं मागं टाकली आणि रुक्मिणीबाईंच्या स्पीड ब्रेकरवर पोट टेकून थांबली. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं, आणि मध्ये सगळं वजन त्या बांधावर.

"रेस करा!" साहेबराव मागून ओरडले. "एवढं इंजिन कशाला बांधलंय?"

रंगरावांनी रेस केली. खालून काहीतरी कचकन तडकलं.

"काय वाजलं?"

"माझ्या स्टेशनला तसा आवाज येत नाही. अजून रेस करा!"

ऑइलचं चेंबर फुटलं होतं. एक काळी धार डांबरावरून गटाराकडं निघाली होती, पण ती फक्त बाहेरच्यांना दिसत होती. बाहेरचे मोबाइलवर शूटिंग करत होते. मागं टँकर येऊन थांबला, त्याच्यामागं शाळेची व्हॅन. हॉर्न सुरू झाले. रंगरावांनी पुन्हा पाय दाबला. इंजिन एकदा किंचाळलं, खडखडलं आणि जाम होऊन बंद पडलं. एकशे ऐंशीची गाडी जेमतेम एक गल्ली चालली होती.

छबूबाई धावत आल्या. "आवं, काय झालं?"

"इंजिन गेलं," रंगराव म्हणाले.

"कुठं?"

त्यावर भिवा हसला. मग रंगराव हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले. टँकरवाल्यानंही हॉर्न थांबवला.

जयसिंगरावांनी परिस्थिती हातात घेतली. "काका, टेन्शन नाही. जेसीबी बोलावतो, हा ब्रेकर आत्ता फोडून टाकू. माझाच आहे."

"तुमचा न्हाई," रंगराव म्हणाले. "तिचा हाय. त्याला हात लावायचा न्हाई."

"अहो, पण गाडी?"

रंगरावांनी पुढच्या सीटवरच्या फोटोकडं पाहिलं. "ती पहिल्याच दिवशी म्हणली, हळू चालवा. मी ऐकलं न्हाई, तर तिनं आता बंदोबस्तच केला."

गल्लीतल्या माणसांनी गाडी उचलून मागं घेतली आणि ढकलत शेडमध्ये नेली. मग रंगरावांनी आंबे पिशव्यांत भरले, फोटो छातीशी धरला आणि स्वारगेटची बस पकडली.

संध्याकाळी एसटीतून उतरून ते चालत सासुरवाडीच्या घरापाशी पोचले. आक्काबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पावलं ओळखली.

"जावईबापू, मोटार कुठाय?"

"स्टँडवर लावलीय, आई. लई मोठी हाय, गल्लीत मावत न्हाई."

म्हातारीनं सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ते दोनदा सांगितलं. मग हळूच म्हणाली, "अन् पिशव्या जड झाल्या असतील. आणा इकडं."

निघायच्या आधी रंगरावांनी जयसिंगरावांना एकच काम सांगितलं होतं. रुक्मिणीबाईंच्या अर्जात स्पीड ब्रेकरवर पांढरे पट्टेही मागितले होते, अंधारात कुणी पडू नये म्हणून. जयसिंगरावांनी शब्द दिला, आणि पुढं ते निवडूनही आले.

पट्टे मारायचे अजून राहिलेत.