पऱ्हाटीच्या मापाची ट्यूब

दीपालीची मुलाखत संध्याकाळी सहाला मोबाइलवर होती आणि दुपारी तीनला मधल्या खोलीतली ट्यूब गेली. नोकरी नागपूरच्या एका कंपनीत, ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायची. 'चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे,' असं कंपनीनं बजावलेलं. थंडीत दिवस लवकर मावळतो, आणि बोरगावच्या त्या घरात नेटवर्क फक्त मधल्या खोलीत यायचं. चार ठिकाणांहून नकार आलेल्या दीपालीला रडू फुटायचंच बाकी होतं.

"मी आत्ता सौंसरहून आनतो," तिचे वडील पुंडलिकराव म्हणाले.

"बाबा, जुनी ट्यूब संगं न्या."

"बसमधी फुटन ना ते!"

त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळकी काडी ट्यूबला लावली आणि बरोबर तेवढी तोडली. दाराच्या फळीपासून खिडकीच्या काचेपर्यंत घरातलं सगळं अशाच काडीच्या मापानं आलेलं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. बसच्या गर्दीत काडीचं टोक मोडलं, हे मात्र त्यांना कळलं नाही. दुकानदारानं काडीशी जुळणारी ट्यूब दिली.

पावणेसहाला ते धापा टाकत स्टुलावर चढले. दीपालीनं मुलाखतीची लिंक उघडून मोबाइल खिडकीत ठेवून दिला होता.

"बसून काहून नाई राहिली हे?"

"बाबा, हे बारीक ट्यूब हाय. आपल्या भिंतीवरच्या पट्टीले जाडी ट्यूब लागते."

"मापानं आनली मी!"

"पिना पाहा ना. याच्या एकमेकीजवळ हायेत, पट्टीची भोकं दूरदूर. अन् तीन बोटं आखूड बी हाय."

"मंग पट्टीच खोटी हाय."

दीपालीला किंचाळावंसं वाटत होतं. पण बाप स्टुलावर होता.

"दहा वर्सं तेच पट्टी चालली ना, बाबा? तुमी उतरा खाली. दोनी ट्यूबा शेजारी ठेवून पाहू."

तिनं तीनदा समजावलं, ते तीनदा पट्टीलाच दोष देत राहिले. सहा वाजून पाच मिनिटांनी ती अंधारातच मोबाइलपुढे बसली. याही नोकरीवर तिनं मनातल्या मनात पाणी सोडलं होतं.

"मॅडम, माफ करा, उजेड नाही..."

"राहू द्या," पलीकडची बाई म्हणाली. "आम्ही पावणेसहापासून ऐकतोय. इतका हट्टी ग्राहक आमच्याकडेसुद्धा रोज येत नाही, आणि तुमचा आवाज एकदाही चढला नाही. सोमवारी रुजू व्हा."

तेवढ्यात पुंडलिकराव तिच्या खांद्यावरून मोबाइलवर वाकले.

"मॅडम, तुमीच सांगा, पट्टी खोटी हाय का नाई?"

बाईनं कपाळाला हात लावला.

"दीपाली, सोमवार राहू द्या. आत्ताच रुजू व्हा."