मुंजाजीची फुरसत

पिंगळी स्टेशनाबाहेर भजी तळणाऱ्या मुंजाजीला फुरसत नव्हती, त्यामुळे त्याचा धंदा वाढत नव्हता. आणि ही बाब लक्षात यायलाही त्याला फुरसत मिळत नव्हती. अखेर एकदा गाडी फार लेट झाली, तेव्हा ही बाब लक्षात आली. निजाम सरकारच्या रेल्वेचा त्याच्यावर झालेला एवढा एकच उपकार.

पोखर्णीच्या नरसिंहाच्या जत्रेत आपली दुसरी कढई लावायची, ही त्याची फार दिवसांची हौस. पण सारा वेळ जाई लग्नात, बारशात आणि मयतीच्या घरी भेटून येण्यात. न जावं तर सोयरे तोंड फिरवतात. मग मुंजाजीने अपूर्व तजवीज केली. आपल्या वतीने सोयऱ्यांकडे जायला त्याने लिंबाजीला पगारी ठेवला.

लिंबाजी हा गावातला एकमेव मान्यताप्राप्त रिकामा माणूस. साहेबाचा दौरा आला की सामान वाहायला वेठीला त्यालाच धरत. आता तो मुंजाजीच्या वतीने जेवू लागला, आहेर देऊ लागला आणि रडू लागला. रडे इतका मनापासून, की मयताच्या घरचेच त्याला पाणी पाजून गप्प करत. पुढे पुढे सोयऱ्यांचे निरोप यायला लागले, "मुंजाजी न्हाई आले तरी चालंल, लिंबाजीला धाडा."

लिंबाजीच्या पगारासाठी भजी जास्त तळणं भाग पडलं, म्हणून कढईवर चंद्रभान आला. चंद्रभानावर नजर ठेवण्यात मुंजाजीची फुरसत पुन्हा खर्ची पडू लागली.

"मालक, तुमी कशाला उनात उभं राहता?" चंद्रभान म्हणाला. "माझ्यावर नजर मीच ठेवतो. पगारात थोडं वाढवा म्हंजे झालं."

मुंजाजीला हे पटलं. बायकोला, कस्तुराबाईला, पटलं नाही.

"अवो, भज्याला चव तुमच्या हाताची हाय. तुमी नुसतं बसून राह्यलाव."

"बसलो न्हाई. धंदा वाढवायलोय. तुला काय बोलायचं आसंल ते लिंबाजीपशी बोल."

त्या दिवशी कस्तुराबाईने मुंजाजीचं ताट लिंबाजीपुढे वाढलं. मुंजाजीच्या वतीने तो पोटभर जेवला.

जत्रा आली. चंद्रभान कढई घेऊन पोखर्णीला गेला. मुंजाजी लिंबाखाली बाजेवर पडून, संपूर्ण फुरसतीत, तिसऱ्या कढईचा विचार करत होता. एवढ्यात पाटील आले.

"उठा मुंजाजी. महसुलाच्या गिरदावरसाहेबाचा दौरा पोखर्णीला निघालाय. पेटी उचला."

"मी? पाटील, मी धंदेवाला माणूस हाय!"

"धंदा चंद्रभान करायलाय. सोयरीक लिंबाजी पाळायलाय. तुमी काय करायलाव?"

मुंजाजी बाजेवर उठून बसला.

"माझ्या वतीनं लिंबाजीला न्या की."

"लिंबाजी तुमच्याच वतीनं मानवतला रडायला गेलाय. अन् आसं हाय, दौऱ्यासाठी गावात एक रिकामा माणूस लागतोच. लिंबाजी होता, त्याला तुमी कामाला लावलं. ती जागा आता तुमची."

कायदा बिनतोड होता. वैशाखाच्या उन्हात साहेबाची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन तो पोखर्णीत पोचला. समोरच त्याची दुसरी कढई उकळत होती आणि तिच्याभोवती ही झुंबड! मुंजाजीला रडू आलं, पण ते खातं आता लिंबाजीकडे होतं.

साहेबाने एक घाणा फुकट फस्त केला. द्रोणात उरलेलं एक भजं मुंजाजीच्या वाट्याला आलं. चव अगदी पांचट होती. कुणाचीच तक्रार नव्हती, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

"मालक, पेटी घिऊन मधी उभं राहू नका," चंद्रभान ओरडला, "गिऱ्हाईक अडायलंय!"

मुंजाजी बाजूला झाला. मान अवघडली होती, तरी त्याने पाटलांना हळूच विचारलं, "पाटील, वेठीलाबी माझ्या वतीनं पगारी माणूस ठिवला तर?"

"ठिवा की," पाटील म्हणाले. "तुमाला पुन्हा फुरसत मिळंल. तशात तालुक्याचे साहेब यायलेत, त्यांच्या तर चार पेट्या हायेत."

आता आपण ही गोष्ट इथवर वाचलीत, म्हणजे फुरसत आपल्याकडेही आहे. कुणाला बोलू नका. दौरा अजून संपलेला नाही.