लो तिएन-सुंग यांच्या छातीवरची डबी

तैवानमधल्या चियायीच्या डायलिसिस केंद्रात खिडकीजवळचा पलंग अकरा वर्षं लो तिएन-सुंग यांचा होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. त्यांना स्कूटरवरून आणायचं, न्यायचं, अळणी डबा करायचा, हे सगळं बायको बी-लिएनकडे. डब्याला नावं ठेवायचं काम ते जातीनं करत.

एका शनिवारी डॉक्टर फान यांनी त्यांच्या छातीला तारा चिकटवून हृदयाचे ठोके टिपणारी एक डबी लावली.

"चोवीस तास काढायची नाही, आजोबा. डायलिसिसवाल्यांत कुणाच्या हृदयाला जास्त धोका आहे, ते यातून कळतं."

घरी पोचेपर्यंत छातीला खाज सुटली. शिवाय देवळापुढच्या पारावर बुद्धिबळाचा डाव वाट बघत होता.

"बी-लिएन, ही तू लाव."

"मी? म्हाताऱ्या माकडा, तपासणी तुझी आहे!"

"हृदय ते हृदय. तुझं ठणठणीत आहे. रिपोर्ट झकास आला की डॉक्टरीणबाई गप्प बसेल."

तिनं लावली. ती लावूनच बाजार केला, कपडे धुतले, त्यांच्या पायात गोळे आले तेव्हा पाय चेपले.

रिपोर्ट आला. डॉक्टर फान गंभीर होत्या. "ठोके अगदी घड्याळासारखे पडताहेत."

"मग छानच की!"

"छान नाही. निरोगी हृदय श्वासागणिक थोडं मागंपुढं होतं. हे आता कशालाच दाद देत नाहीये. अशा माणसाला फार जपावं लागतं. मुलाला बोलावून घ्या."

तिएन-सुंगनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग केंद्रात सगळे हसतील म्हणून मिटलं. बी-लिएननं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि रिकामा डबा पिशवीत भरला.

मुलगा च्या-होंग दोन वर्षांत पहिल्यांदाच तैपेहून आला. त्यानं वडिलांना उशा दिल्या, पंखा त्यांच्याकडे वळवला, दोनदा डोळे पुसले. तिएन-सुंगना आजारपण मानवू लागलं.

"आई, बाबांना जिना चढू देऊ नकोस हं. त्यांचं सामान तूच आण. आणि माशाची पेज कर, त्यांना आवडते."

चौथ्या दिवशी पेजेचं पातेलं घेऊन वर येताना बी-लिएन मध्येच पायरीवर बसली. ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं गं?" तिएन-सुंग घाबरले.

"दम लागलाय जरा. घे, गरम आहे तोवर खा."

त्यांनी पातेलं घेतलं. ते तसंच पायरीवर ठेवलं.

"च्या-होंग," ते म्हणाले, "डबी मी लावलीच नव्हती. हिच्या छातीवर होती."

च्या-होंग बघतच राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे बाबा, तुम्हाला काही नाही!" आणि लगेच पडला. "पण आई, मग यांना डायलिसिसला कोण नेणार?"

बी-लिएन कठड्याला धरून उठली. कमरेचं फडकं सोडलं, स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली, छत्री घेतली.

"कुठं निघालीस?"

"डॉक्टरकडे. चक्कर येतेय, बसनं जाते."

"आणि आमच्या जेवणाचं?" तिएन-सुंगच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

तिनं चपला घातल्या. दार ओढून घेतलं.

बापलेक किल्लीकडे बघत बसले. तिच्याबरोबर कुणीतरी जायला हवं होतं, हे दोघांच्या लक्षात आलं तेव्हा कोपऱ्यावरून बस सुटली होती.