झुलालबुवांच्या मागची घूं

या, असे जवळ सरका. खांबाला मात्र टेकू नका. कीर्तनात काय नि गोष्टीत काय, खांबाला टेकलेला माणूस नमनालाच घोरायला लागतो. आज एका गुप्तहेराची गोष्ट सांगतो. गुन्हा होता, पुरावा होता, संशयित तर पोत्यानं होते. अक्कल तेवढी कमी पडली, ती ऐनवेळी दुसऱ्याच्या घरून मागवावी लागली.

गुप्तहेराचं नाव अभिमन आबा. आपली ओळख ते आपणच करून देत, कारण दुसऱ्या कुणी ती तशी करून दिली नसती.

"शालिग्राम," ते मला म्हणत, "तापीच्या दोन्ही काठांवर माझ्या नाकाला जोड नाही. जकात नाक्यावर उभी हयात गेली. ताडपत्री न उचलता सांगायचो, ट्रकमध्ये गूळ आहे! पोलिसांना पुरावा लागतो. मला नुसता वारा लागतो."

गुळाचा ट्रक माशीलाही ओळखता येतो, आणि माशी पेन्शन घेत नाही, एवढंच मी मनात म्हणायचो. पण आबांची पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं आणि माझा स्वभाव पहिल्यापासून भिडस्त. असा मी त्यांचा साहाय्यक झालो.

घरोघरी 'होम थिएटर' नावाचं खूळ शिरू लागलं होतं, तेव्हाची म्हणजे शहाण्णव-सत्त्याण्णवची ही गोष्ट. अमळनेरला आमचे झुलालबुवा कीर्तनकार होऊन गेले. गळा असा की निरूपण ऐकता ऐकता शेजारच्याशी धरलेला अबोला सुटायचा. त्यांचं शेवटचं कीर्तन राममंदिरात झालं, नेमका तेव्हा मी जळगावच्या दवाखान्यात हर्नियाचे टाके मोजत पडलो होतो. त्या कीर्तनाची एकच कॅसेट होती, बुवांच्या पत्नी प्रमिलाअक्कांकडे. त्यावरच माझा जीव टांगलेला. पहिल्या पुण्यतिथीला ती मंदिरात सगळ्यांना ऐकवायची असं ठरलं, आणि त्यासाठी कापसाचे व्यापारी सोहनलालशेठ मंदिराला नवं यंत्र देणार होते.

शेठ कपडासुद्धा दोन दुकानांत चोळून पाहून घेणारे. त्यांनी पसंतीसाठी दोन रिसीव्हर मागवले, एक जळगावच्या दुकानातून आणि एक धुळ्याच्या. रिसीव्हर म्हणजे पाट्याएवढा जड काळा डबा. त्याला एका बाजूनं टेपचा डेक जोडायचा, दुसऱ्या बाजूनं स्पीकर, आणि मधे त्याची किंमत ऐकून आपण गप्प बसायचं. धुळ्याचा विक्रेता एवढ्या उन्हाळ्यात टाय लावून आला. "आमच्यात खरखर मारायचं बटण आहे," तो म्हणाला. "आवाज बारीक झाला की यंत्र आपोआप तोंड मिटतं. पाठीमागचा गोंगाट शून्य!" जळगाववाल्याला असं बटण दाखवता येईना. तो नुसता घाम पुसत होता.

शेठच्या बैठकीत कॅसेट लावली. धुळ्याच्या डब्यातून बुवा अगदी स्वच्छ आले. जळगावच्या डब्यातूनही आले, उलट गळ्याची गोडी काकणभर जास्तच. पण बुवा मधेच थांबले की मागून आवाज यायचा, "घूंऽऽऽ".

"ये क्या है?" शेठ दचकले. "गाणं देवाचं आणि मागे पिठाची गिरणी?"

झालं. आबांना बोलावणं गेलं.

आबांनी आल्याआल्या डबा हुंगला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जमीन!" त्यांच्या मते यंत्राची अर्थिंग कोरडी पडली होती. परसातला अर्थिंगचा खड्डा शोधून त्यात मीठ आणि बादलीभर पाणी ओतलं. मीठ शेठच्या घरचं. लाडकुंवरबाई, म्हणजे शेठाणी, दारातून म्हणाल्या, "लिंबू पण पिळा वरून, लोणचं तरी होईल." घूं जशीच्या तशी.

दुसरा संशय थेट दीपनगरवर. "वीज कुठून येते?" आबांनी मला विचारलं.

"खांबावरून."

"त्याच्या आधी! दीपनगरच्या केंद्रातून. तिथं एवढाली चाकं घूं घूं करत फिरतात. ती घूं तारेतून वाहत अमळनेरला येते. साधं आहे."

"मग धुळ्याच्या डब्यात का येत नाही, आबा? त्याला वीज काय काशीहून येते?"

"शालिग्राम, साहाय्यकानं पिशवी धरायची असते."

मग ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून डबा त्यावर चालवला. दीपनगरचा धागासुद्धा नाही, तरी घूं आहेच. आबांनी दीपनगरला निर्दोष सोडलं. तिकडच्या लोकांना हे कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

तिसऱ्या दिवशी संशय भुंग्यावर. स्पीकर खोलला. आत शेंगदाण्याचं टरफल आणि पालीचं रिकामं अंडं. आबांनी दोन्ही रुमालात बांधून पुरावा म्हणून माझ्या पिशवीत टाकली. माझा डबाही त्याच पिशवीत होता, पण शास्त्रापुढे भाकरीची काय मातब्बरी!

त्यानंतर मात्र आबांनी एक खरी गोष्ट हेरली, हे कबूल करायला हवं. भिंतीवरचं थांबलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं. ते म्हणाले, "बुवा गात असताना घूं गप्प असते. बुवा थांबले की येते. म्हणजे चोर बुवांना घाबरतो! त्यांची पाठ फिरली की हात मारतो. हे यंत्राचं काम नाही, शेठ. घूं कॅसेटमध्येच शिरलीय. आणि जळगावचं यंत्र तिला आसरा देतंय."

"मग?"

"यंत्र धुळ्याचं घ्या. आणि कॅसेट आज संध्याकाळच्या गाडीनं जळगावला पाठवा. माझा एक ओळखीचा स्टुडिओवाला आहे. तो सगळी घूं खरवडून काढील आणि स्वच्छ आवाज परत याच कॅसेटवर भरून देईल."

मी घाईनं मधे पडलो. "आबा, निदान आहे तशी एक नक्कल ठेवू या."

"नक्कल ठेवली की गुन्हेगाराला लपायला जागा झालीच!"

शेठ कचरले. "अक्कांना विचारलं पाहिजे. चीज त्यांची आहे."

"बायकांना यंत्रातलं काय कळतं?" आबा म्हणाले. त्या घरात लाडकुंवरबाईंच्या हातचा चहा पीत असताना म्हणाले. दुसरा कप आला नाही.

अक्का आल्या. चार दिवस आम्ही त्यांच्या नवऱ्याचा आवाज हुंगत होतो, आणि तो ऐकायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आबांनी धुळ्याचा डबा लावला. बुवा अभंग उचलू लागले, वर गेले, आणि थांबले. विहिरीत दगड टाकावा आणि खालून आवाजच येऊ नये, तशी शांतता. मग पुन्हा बुवा. पुन्हा ती शांतता.

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. "बंद कर रे भाऊ. त्यास्ना दम असा लोकेस्ना पुढे कधीच तुटना नही."

"पण अक्का, आवाज साफ आहे," शेठ म्हणाले.

"साफ शे. पन एकटा शे."

आबांनी खाकरून कॅसेट काढली आणि स्टेशनकडे निघण्याच्या तयारीनं खिशात घातली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खिशात हात घातला. "आधी अक्कांना दुसऱ्या डब्यावर ऐकू द्या," मी म्हणालो, आणि माझा आवाज माझा मलाच चढा वाटला. आबांनी पिशवीकडे पाहिलं. ती मी खाली ठेवली होती.

जळगावचा डबा सुरू झाला. बुवा वर गेले, थांबले, आणि मागून आली, "घूंऽऽऽ". अक्कांच्या तोंडावरचा पदर खाली आला.

"हाई देख. वना."

"कोण वना?" आबा ताठ झाले. "राहतो कुठे? टोळी केवढी आहे?"

"कापूसना जिनिंगमा गठाणी दाबे तो वना. कसानी टोळी घेऊन बसना रे तू! यास्ना दमा वाढना, तवय वना यास्ना मांगे उभा ऱ्हाये. यास्ना श्वास सरना का तो सूर धरे. ह्या श्वास घेतस, तवलोंग धरे. लोकेस्ले कयू दिन्ह नही त्यानी, बठ्ठा वरीस."

म्हणजे बुवांचा दम तुटतो हे वनानं वर्षभर कुणाला कळूच दिलं नव्हतं. कीर्तनात बुवांच्या मागे उभं राहून सूर धरणाऱ्याला झीलकरी म्हणतात. बुवा श्वास घेतात तेव्हा गाणं त्याच्या खांद्यावर असतं. शेकडो कीर्तनं ऐकलेला मी, आणि चार दिवस झील ऐकून भुंगा शोधत होतो. धुळ्याचं यंत्र त्याच्या बारीक आवाजाला गोंगाट समजून तोंड मिटत होतं, एवढाच त्याचा हुशारपणा.

शेठनी कपाळाला हात लावला. "मी तर पयल्या रांगेत होतो. मला कोणी दिसला नाही मागे!"

"तुम्ही यास्ले देखेत," अक्का म्हणाल्या.

"आणि टेप मीच ठेवला होता," शेठ म्हणाले, "बुवांच्या अगदी मागे, भिंतीपाशी. प्लग तिथंच होता ना!"

म्हणून मंदिरात कुणाला न जाणवलेला वना कॅसेटमध्ये मात्र ठळक आला. आठ आण्यांच्या अकलेचं रहस्य होतं, प्लग मागच्या भिंतीला.

आबा शांतपणे उठले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते म्हणाले, "या आवाजामागे माणूस आहे." लाडकुंवरबाई आतून एवढ्यानं हसल्या की कपबशा वाजल्या.

दुसऱ्या दिवशी टायवाला आपला डबा न्यायला आला. "शेठ, तुम्ही ते गोंगाटवालं घेतलं?"

"आमी माणूसवालं घेतलं," शेठ म्हणाले, आणि त्याला पाणी दिलं.

पुण्यतिथीला मंदिर भरलं होतं. माझं हुकलेलं कीर्तन मला मिळालं. बुवांचा दम तुटला की सगळी सभा श्वास धरायची, आणि मागून वना यायचा, न चुकता, बुवा परत येईपर्यंत. अक्का समोर मांडी घालून बसल्या होत्या, टाळ्या वाजवत, रडत नव्हत्या. बुवा गेले त्याच पावसाळ्यात वनाही काविळीनं गेला. बुवांचा फोटो हार घालून भिंतीला आहे. वनाचा फोटो काढायचं कुणाला सुचलंच नाही. आडनावसुद्धा मी जिनिंगमध्ये विचारून आलो. कुणी सांगू शकलं नाही.

तेव्हा आता उठताना देवाचं नाव घ्याल, बुवांचं घ्याल, तर सोबत वनाचंही घ्या. नुसतं 'वना' म्हटलं तरी पोचेल.