नजर बसेपर्यंत

"हैबतकाका, रोह्याच्या मूर्तीचे डोळे मी आखणार. पाऊण तासात दोन्ही! घड्याळ लावून बसा!"

भर कारखान्यात, सगळ्यांच्या देखत किमया हे बोलून गेली आणि तिथेच तिचं चुकलं. कारण हा पाऊण तास तिने आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवला नव्हता.

पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी म्हणजे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मानाचं काम. पीतांबराचा रंग बिघडला तर पुन्हा मारता येतो, पण बुबुळ केसभर सरकलं की देव भक्तांना सोडून शेजारच्या वडापावच्या गाडीकडे बघायला लागतो! सव्वीस वर्षांच्या किमयाने तीन हंगाम कान, सोंडेवरची नक्षी आणि उंदीर रंगवण्यात घालवले होते. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या मंडळाची नऊ फुटी मूर्ती ही तिची पहिली मोठी संधी. ती हुकली तर पुन्हा उंदीर!

अडचण एकच होती. दीड वर्षापूर्वी पेणच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रिपोर्ट बघून सांगितलं होतं, "संधिवात आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत, व्यायाम रोज करायचा, आणि एका जागी फार वेळ बसायचं नाही." आत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "या वयात कसला गो संधिवात? मोबाइल कमी बघ!" पण हा संधिवात मोठा खोडसाळ. चालत-फिरत राहिलात तर गप्प, जरा कुठे टेकलात की गुडघे पावसात फुगलेल्या दारासारखे घट्ट! म्हणून किमया कधी स्वस्थ बसत नसे. चहा उभ्याने प्यायची, फोनवर फेऱ्या मारत बोलायची, एसटीत जागा मिळाली तरी दोन स्टॉपनंतर उठून उभी राहायची. कारखान्यातले म्हणायचे, "हिच्या पायाला भिंगरी हाय." किमया हसायची.

खरं सांगायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी काळुराम "पाठ धरली" असं म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी मालक हैबतरावांनी त्याला परांचीवरून उतरवून खाली पाटावर मूर्ती गुंडाळून बांधायला बसवलं. त्या दिवसापासून कारखान्यात कुणाचं काही म्हणजे काही दुखत नव्हतं!

हैबतराव स्वतः कधी वर चढत नसत. "मालकानं परांचीवर पाय ठेवायचा नसतो, रीत हाय," असं म्हणून ते खालच्या खुर्चीवरून सगळा कारखाना हाकायचे.

तर किमयाचा बेत असा. सकाळी हातपाय लाकडासारखे असतात, ते अकरापर्यंत सुटतात. अकराला चढायचं, पावणेबाराला खाली. गुडघ्यांना कळायच्या आत काम फत्ते!

ती बरोबर अकराला चढली. मांडी घातली, कुंचला उचलला, आणि खालून हैबतराव ओरडले, "थांब गो! मंडळाचे नाथाभाऊ निघालेत. आखणी त्यांना डोळ्यांनी बघायची हाय. हलू नको तिथनं, मुकुटाचा सोनेरी रंग ओला हाय! पाच मिन्टांत येतीलच."

नाथाभाऊंची पाच मिनिटं म्हणजे आमच्या हायवेवरची पाच मिनिटं. साडेअकराला ते नागोठण्यात होते. बाराला "आलो, आलो, डायव्हर्जन लावलंय" असं म्हणत होते. किमया बसलेली. वर ओला मुकुट, समोर ओली सोंड, खाली डुगडुगणारी फळी. आधी डावा गुडघा कुरकुरला. मग उजव्याने त्याला साथ दिली. सव्वाबाराला दोघांनी मिळून संप पुकारला.

साडेबाराला नाथाभाऊ दोन कार्यकर्त्यांसह आत आले. हातात शाल, श्रीफळ आणि व्हिडिओ काढायला मोबाइल. किमयाने श्वास रोखला आणि कुंचला टेकवला.

त्या दिवशी बोटांनी मात्र तिची लाज राखली. वरची रेघ एका दमात आली. दोन्ही बुबुळं बसली, त्यांत पांढरे ठिपके पडले, आणि देवाने डोळे उघडले! नाथाभाऊ कुठेही उभे राहिले तरी मूर्ती त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी डोळे पुसले. किमयाला तर रडूच फुटलं. तीन वर्षं ती याच क्षणासाठी उंदीर रंगवत होती.

"ये पोरी, खाली ये," नाथाभाऊ गहिवरून म्हणाले, "तुला शाल घालतो."

किमयाने उठायचा प्रयत्न केला. वरचं शरीर उठलं. खालचं आलं नाही.

परांची होती पाच फुटांची. शेजारचं कोंबडंही उतरलं असतं! पण आता "उचला मला" म्हटलं की हंगाम गेला, डोळे गेले आणि काळुरामच्या शेजारी एक पाट वाढला. ती घामाघूम झाली. आणि तोंडाला येईल ते बोलली.

"लगेच उतरायचं नसतं."

"का गो?"

"नजर... देवाची नजर बसावी लागते. आखणाऱ्यानं तोपर्यंत समोरून हलायचं नाय."

पीतांबर रंगवणारा आदेश कुंचला थांबवून म्हणाला, "बारा वर्षं या धंद्यात हाय मी. असलं कधी ऐकलं नाय!"

किमयाने डोळे मिटले. संपलं सगळं. तेवढ्यात हैबतराव खाकरले.

"असतं," ते म्हणाले. "जुनी रीत हाय. तुला नाय ठाऊक."

किमयाने दचकून खाली बघितलं. हैबतराव छताकडे बघत होते.

"किती वेळ लागतो बसायला?" नाथाभाऊंचा आवाज एकदम खाली आला होता.

"सव्वा तास," किमया म्हणाली. घाबरलेल्या माणसाला अर्धा तास सुचत नाही!

"मग आम्हीपण नाय हलणार!" असं म्हणून नाथाभाऊंनी जमिनीवरच मांडी ठोकली. कार्यकर्ते बसले. कारखान्यातली माणसं हात पुसत येऊन बसली. एकाने अष्टमीला व्हिडिओ कॉल लावला, तर तिकडे मंडपाच्या बांबूंपाशी पंचवीस-तीस माणसं जमली. तिकडून एका बाईंनी विचारलं, "उपास धरायचा का?"

"चहा चालतो," किमया घाईघाईने म्हणाली. तिला स्वतःला हवा होता. चहा काठीला किटली बांधून वर आला.

पण नुसतं बसून गुडघे सुटणार कसे? ते हलवायलाच हवे होते. आखडलेले पाय तिने कसेबसे समोर सरळ केले आणि डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला व्यायाम हळूच सुरू केला. घोटे गोल फिरवले, दहा वेळा उजवीकडून, दहा वेळा डावीकडून. मुठी मिटल्या, उघडल्या. गुडघा खाली दाबला, सोडला.

"ताई, हे काय करताय?" नाथाभाऊंनी विचारलं. आता ती पोरीची ताई झाली होती.

"हे... हेपण त्यातच येतं."

झालं! नाथाभाऊंनी पाय पसरून घोटे फिरवायला घेतले. कार्यकर्त्यांनी मुठी मिटल्या. मोबाइलमध्ये अख्खी अष्टमी गुडघे दाबायला लागली! एक कार्यकर्ता दम लागून थांबला, तर नाथाभाऊ त्याच्यावर डाफरले, "नजर हलंल ना रे!" हसू दाबताना किमयाच्या पोटात कळ आली. पण खाली सगळ्यात मन लावून कोण व्यायाम करत होतं? हैबतराव! खुर्चीत बसल्या बसल्या, डोळे मिटून, न चुकता.

सव्वा तासाने किमया एकेक पायरी मोजत उतरली. नाथाभाऊंनी शाल घातली, पाया पडले, आणि म्हणाले, "काय शक्ती हाय हो! माझी कंबर चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळी झाली!"

गाडी गेली. हैबतरावांनी तिला कोपऱ्यात बोलावलं. आता आणखी एक थाप मारायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"काका, रीतबीत काय नाय. मला संधिवात हाय. दीड वर्ष झालं. पाय आखडले म्हणून उतरता आलं नाय. मला काळुरामदादासारखं खाली नका बसवू. माझी बोटं चालतात अजून, तुम्ही बघितलंत ना?" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

हैबतराव वाकले. मग त्यांनी पँट वर सरकवली. गुडघ्याला जाडजूड पट्टा होता.

"मालकानं परांचीवर पाय ठेवायचा नसतो, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"चौदा वर्षं झाली. त्याआधी या कारखान्यातले डोळे मीच आखायचो. एक दिवस चढता येईना. सांगायची लाज वाटली, म्हणून रीत काढली." त्यांनी नाक ओढलं. "आणि काळुरामला पाठ सुधारावी म्हणून खाली बसवला गो. तर तुम्ही सगळ्यांनी तोंडं शिवून घेतलीत! परांचीवर तुला टेकायची खुर्ची करून देतो. दर अर्ध्या तासानं उतरायचं, फेऱ्या मारायच्या. डोळे तूच आखणार."

किमयाला वाटलं, लगेच आत्याला फोन करून सांगावं. दीड वर्षात पहिल्यांदा तिला स्वस्थ उभं राहावंसं वाटत होतं.

एवढ्यात फोन वाजला. नाथाभाऊ!

"व्हय... व्हय... आणखी तीन मंडळं? चौदा फुटी?" हैबतरावांचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे काय! आमच्याकडं तीच रीत हाय. सव्वा तास. आखणारी जागची हलत नाय!"

"काका!" किमया किंचाळली. "आत्ताच म्हणालात, अर्ध्या तासानं उतरायचं!"

"अगो, पण आता रीत कशी मोडायची?" हैबतराव फोनवर हात ठेवून कुजबुजले.

ते जाऊ द्या. चौदा फुटीच्या परांचीला आपल्या कमरेपासून खाली पडदा लावून आत जागच्या जागी पाय हलवायची सोय करता येईल, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. पण दुसऱ्या दिवशी टेम्पोत मूर्ती चढवायची वेळ आली. हैबतरावांनी हाक मारली, "आदेश, चल, हात लाव!"

आदेश स्टुलावर बसला होता. समोर वीतभर उंदीर, त्याचे डोळे नुकतेच आखलेले. बाजूला चहा.

"मला नाय उठता यायचं," तो शांतपणे म्हणाला. "उंदराची नजर बसतेय."